दगड ज्वालामुखीचाच आहे, मग एटनासारखी वाईन आपल्या माळावर का होणार नाही?

शिरोळच्या एका मुलानं विचारलंय. कृषी पदवी झालीय, घरी ऊस आहे. त्याचा प्रश्न थोडक्यात असा: "ताई, पुण्यात एका ओळखीच्यांकडं इटलीच्या सिसिली बेटावरच्या एटना डोंगरावरची रेड वाईन चाखली. रंगानं पातळ, पण चव डोक्यातनं जात नाही. ती तिथल्याच नेरेल्लो मस्कालेझे नावाच्या द्राक्षाची असते आणि ज्वालामुखीच्या मातीमुळं तशी लागते असं कळलं. आपला दख्खन पण ज्वालामुखीचाच की. आळत्याजवळ आमचा दोन एकर मुरमाड माळ पडून आहे, तिथं तेच द्राक्ष लावलं तर तशी वाईन होईल का? आणि मातीची चव वाईनमध्ये उतरते हे खरं का?"

भावा, प्रश्न एकदम आवडला. मी मूळची कोल्हापूरची, बावीस वर्षं नाशिक भागातल्या वायनरीत वाईन बनवली आणि मधला एक हंगाम एटनाच्या उत्तर उतारावर एका छोट्या शेतावर काढला, त्यामुळं दोन्हीकडची माती हातात धरून सांगू शकते. तशी वाईन होणार नाही. पण त्याचं कारण तुला वाटतंय तिथं नाही. तुझ्या माळाची माती वाईट नाहीच, अडचण ऋतूंच्या क्रमाची आहे. ते नीट समजायला आधी मातीचं बघू.

दगड एक म्हणून माती एक होत नाही. दख्खनचा लाव्हा साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. एटना त्याच्यापुढं काल जन्मलेलं पोर, पाच लाख वर्षांच्या आसपासचं, आणि अजून धुमसतंय. १९८१ साली लाव्हा रांदाझ्झो गावाच्या अगदी जवळून खाली उतरला आणि वाटेतल्या द्राक्षबागा गाडून गेला. तो काळा दगड अजून तिथं तसाच पसरलाय, त्याची अजून माती झालेली नाही. आपल्या दगडाला मात्र ऊन-पाऊस खायला भरपूर वेळ मिळाला. आणि एकाच जिल्ह्यात बघ, गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस, तुमच्या शिरोळला पाचशेच्या आसपास, मधलं अंतर जेमतेम शंभर किलोमीटर. पश्चिमेला त्या पावसानं दगडातलं विरघळण्यासारखं सगळं धुऊन नेलं, लोह आणि ॲल्युमिनियम मागं राहिलं, तोच आपला लाल जांभा. पूर्वेला सखल भागात तेच झिजून चिकण काळी माती झाली, जी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मूळ दगड बहुतेक ठिकाणी एकच, पण हवामानानं त्याच्या दोन वेगळ्या जमिनी केल्या. म्हणून कोण नुसतं "ज्वालामुखीची माती" म्हणालं की मी पहिलं विचारते, किती जुनी आणि किती पावसातली.

एटनावर पहिल्याच दिवशी मी वेलीखालची मूठभर माती उचलली तर ती बोटांतनं साखरेसारखी खाली सांडली. काळी वाळू आणि तिच्यात वाटाण्याएवढे हलके सच्छिद्र खडे, तिथले लोक त्याला रिपिद्दू म्हणतात. पाण्याच्या ग्लासात टाकून ढवळलं, माझा चहा व्हायच्या आत वरचं पाणी बरंच निवळलं होतं. घरी आल्यावर आमच्या मामाच्या शेतातली काळी माती तशीच ग्लासात ढवळून ओट्यावर ठेवली, दुसऱ्या दिवशी सकाळीसुद्धा पाणी गढूळच. हे तू आजच करून बघ, एक ग्लास शिरोळच्या मळ्यातल्या मातीचा, एक आळत्याच्या माळावरचा. वाईनसाठी माती जे काही करते त्यातलं निम्मं तुला त्या दोन ग्लासात दिसेल.

कारण मातीचं मुख्य काम पाण्याचं आहे. कधी द्यायचं, किती द्यायचं, आणि कधी अडवायचं. एटनावर पाऊस मुख्यतः पानगळीनंतर आणि हिवाळ्यात पडतो, वाळूतनं तो खोल उतरतो आणि त्याच्या मागं मुळं खोल जातात. उन्हाळ्यात वरचा थर कोरडाठाक होतो, वेलीला खालनं तेवढं थोडंथोडं मिळत राहतं. मण्यात पाणी उतरायच्या सुमाराला वेलीचा शेंडा थांबतो, नवी फूट बंद, आणि मग वेल सगळा जीव घडात घालते. मणी लहान राहतो, म्हणजे रसाच्या मानानं साल जास्त, आणि रेड वाईनचा रंग, तुरटपणा आणि बराचसा वास सालीतच असतो. काळ्या भारी जमिनीत उलटं होतं, ओल धरून ठेवलेली असते त्यामुळं घड पिकायला लागला तरी शेंडा चालूच, पानांची गर्दी, मणी फुगलेला. टेबलावर खायच्या द्राक्षाला तीच फुगवण पाहिजे असते, तासगाववाले त्याच्यासाठी जीवाचं रान करतात, पण वाईनला ती नको.

आता चवीचं. मातीची चव जशीच्या तशी वाईनमध्ये येत नाही. मुळं दगड चाखत नाहीत, पाण्यात विरघळलेले क्षार तेवढे घेतात, ते पण अगदी थोडे. वेल्समधले भूगर्भशास्त्रज्ञ ॲलेक्स माल्टमन हे बरीच वर्षं सांगत आलेत की दगडाला स्वतःची चवच नसते, मग ती वाईनमध्ये येणार कुठनं. मला ते पटतं. एटनाच्या वाईनला लोक "धुराची, राखेची चव" म्हणतात तेव्हा बऱ्याचदा लेबलावरचा डोंगर बोलत असतो.

पण एक अपवाद आहे आणि तो कोल्हापूरकराला सांगायला नको. मीठ. चोपण, म्हणजे खारवटलेल्या, जमिनीतल्या उसाचा गूळ खारट लागतो आणि पावसाळ्यात पाघळतो, हे गुऱ्हाळावरचा कुठलाही जुना गुळव्या ढेप फोडून तुकडा जिभेवर ठेवला की सांगतो. आपल्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण नदीकाठचा गूळ आणि खारवटलेल्या रानातला गूळ एक नाही हे ज्ञान मानांकनाच्या कितीतरी आधीचं आहे. तिथं मातीतले क्षार खरोखर रसात येतात. द्राक्षात पण तसंच, जमीन किंवा पाणी खारं असेल तर क्लोराईड रसात येतं आणि वाईन खारट लागू शकते. महाराष्ट्रात डॉगरिज नावाच्या खुंटावर, म्हणजे दुसऱ्या वेलीच्या मुळावर, कलम करायची पद्धत आली तीच मुळात खारं पाणी आणि पाण्याचा ताण यांच्यामुळं. तेव्हा मातीची चव उतरते का, तर मिठाची उतरते. बाकी सगळं माती पाण्याच्या हातानं करते.

एटनाच्या त्या वाळूचा अजून एक उपकार आहे. १८६० च्या दशकात अमेरिकेतनं फायलोक्झेरा नावाची मुळावरची कीड युरोपात आली आणि तिनं तिकडच्या बागाच्या बागा संपवल्या, तेव्हापासून बहुतेक सगळीकडं अमेरिकन खुंटावर कलम करतात. ही कीड वाळूत नीट फिरू शकत नाही. म्हणून एटनावर काही ठिकाणी स्वतःच्या मुळावर उभ्या शंभर वर्षांहून जुन्या वेली अजून आहेत. चेस्टनटच्या एका खुंटीला बांधलेलं एकेक झाड, तार नाही, मांडव नाही, अल्बेरेल्लो म्हणतात त्या पद्धतीला. भोवती काळ्या दगडाच्या, बिनचुन्याच्या ताली. मशीन आत जातच नाही, सगळं काम माणसानं. मी अशा एका वेलीचं खोड दोन्ही हातांच्या ओंजळीत धरलं होतं, पिळा घातलेल्या दोरखंडासारखं, आणि त्याला त्या वर्षी घड लागले होते फक्त सहा.

आता हवामान, आणि माझ्या मते मोठा वाटा ह्याचाच आहे.

नेरेल्लो मस्कालेझे उशिरा पिकतं. उत्तर उतारावर बागा समुद्रसपाटीपासून साधारण ६०० ते १००० मीटरवर आहेत, आणि खाली सिसिलीत बाकीच्यांची काढणी कधीच संपलेली असते तेव्हा इथं ऑक्टोबर उजाडतो आणि तरी माणसं थांबलेली असतात. मी गेले त्या वर्षी आम्ही ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात काढणी सुरू केली. सकाळी हात इतके गारठायचे की कात्री धरवत नव्हती, दुपारी शर्टावर काम. दिवस-रात्रीच्या तापमानात २० अंशांच्या वर फरक पडतो कधीकधी. तिथला मुकादम साखर मोजायचं ब्रिक्सचं यंत्र खिशात ठेवायचा पण आधी मणी तोंडात टाकायचा, साल चावायचा, मग बी दाढेखाली फोडायचा. बी हिरवी असली की कडू आणि चिवट लागते. तपकिरी झाली की शेंगदाण्यासारखी कुडकन फुटते आणि भाजल्यासारखी चव येते. साखर दहा दिवस आधीच पुरेशी झाली होती, तो बी साठी थांबला होता. आणि तो थांबू शकत होता, हा खरा मुद्दा, कारण पुढचा प्रत्येक दिवस आदल्या दिवसापेक्षा थंड होता. थंडीत आंबटपणा टिकतो. द्राक्षातलं मॅलिक ॲसिड उष्णतेत वेल स्वतःच जाळून टाकते, गार हवेत ते जळणं मंदावतं. म्हणजे साखर, साल, बी, आंबटपणा सगळे एकाच वेळी दारात येतात. ती पातळ रंगाची पण विसरता न येणारी चव तिथनं येते. रंग पातळ का, तर त्या वाणाच्या सालीत रंगच कमी, ते मातीचं काम नाही.

एकाच डोंगरावर पण सगळं एक नसतं. २०११ साली तिथल्या १३३ कंत्रादांना, म्हणजे आपल्या भाषेत शिवारांना, नाव लेबलावर लावायची अधिकृत परवानगी मिळाली. काल्देरारा सोत्ताना नावाचं शिवार खाली आहे, गोट्याच गोट्या, माती शोधावी लागते. ग्वार्दिओला त्याच्या बरंच वर, वाळू आणि गारवा जास्त. दोन्हीकडचं द्राक्ष तेच, अंतर काही किलोमीटरचं, मी दोन्ही वाईन एकाशेजारी एक ठेवून चाखल्यात. खालची भरीव, पिकलेली, आधी बोलायला लागते. वरची आखडून बसलेली, तुरट, पण दुसऱ्या दिवशी त्याच बाटलीतली चाखली तर तीच पुढं गेलेली. आपल्या भागात एकाच गावात वरच्या अंगाचा भात आणि खालच्या अंगाचा भात वेगळा असतो तसंच.

आणि मिलो. पूर्व उतारावरचं गाव, समोर समुद्र. समुद्रावरनं आलेला ढग डोंगराला अडकतो, त्यामुळं सिसिलीतला सगळ्यात जास्त पाऊस ह्याच अंगाला. दुपार कलली की डोंगराचीच सावली पडते. मिलो म्हणजे एटनाचा गगनबावडाच म्हण, पावसाचे आकडे अर्थात आपल्यापेक्षा फार कमी. तिथं नेरेल्लो नीट पिकतच नाही. म्हणून मिलोच्या लोकांनी पांढरं द्राक्ष धरलं, कारिकांते. आंबट इतकं की पूर्वी लोक ती वाईन वसंतापर्यंत पिंपात गाळावरच ठेवायचे, हवा गरम झाली की त्यातलं मॅलिक आपोआप सौम्य व्हायचं. आज एटना बियांको सुपेरिओरे ही पाटी फक्त मिलोच्या वाईनला लागते आणि त्यात किमान ८० टक्के कारिकांते लागतं. कागदावरचा नियम नंतर आला, आधी पाऊस आणि सावलीनं ठरवलं.

स्थानिक वाण म्हणजे हेच. कुणी एका दिवशी निवडलेलं नाही. नेरेल्लोच्या डीएनए तपासणीत दिसलंय की ते सांजोवेझे आणि मान्तोनिको बियांको ह्या दोन वाणांच्या नैसर्गिक संकरातनं आलंय, मस्काली म्हणजे डोंगर आणि समुद्र यांच्यामधला सपाट भाग, त्यावरनं नाव. कुठंतरी एक रोप उगवलं, कुणाला तरी बरं वाटलं, त्यानं काडी लावली, शेजाऱ्यानं मागून नेली. ज्याला उशिराचा पाऊस सोसला नाही ते मागं पडलं. शेकडो वर्षं हेच. आपल्याकडं आजऱ्याचा घनसाळ बघ, आजऱ्याबाहेर लावला तर भात येतो पण तो वास तसा येत नाही असं तिकडचे शेतकरी सांगतात. आणि नवा वाण डोळ्यादेखत कसा होतो ते बघायचं असेल तर फार लांब नको, तासगाव तालुक्यात बोरगावला थॉमसन सीडलेसच्या बागेत वेगळी दिसलेली वेल शेतकऱ्यानं हेरली आणि तास-ए-गणेश झाला. तो आज आपल्याकडचा आहे असं मी बिनधास्त म्हणते, मूळ कुठलंही असो.

(ग्रीसच्या सांतोरिनीचं एक वाक्यात सांगते कारण तुला ज्वालामुखीत रस आहे. तिथं पाऊस फारच थोडा आणि वारा भयंकर, म्हणून आसिर्तिको द्राक्षाच्या वेली जमिनीवरच टोपलीसारख्या विणतात आणि घड टोपलीच्या आत वाढतात, मातीत चिकण आणि पोटॅशियम कमी म्हणून उष्ण बेट असूनसुद्धा आंबटपणा टिकतो. पोटॅशियम जास्त असलं की ते टार्टारिक ॲसिडला धरून खडे होऊन खाली बसतं आणि वाईन मवाळ पडते. आपल्या भारी काळ्या जमिनीत हा त्रास आहे.)

आता तुझा आळत्याचा माळ. मुरूम पाणी धरत नाही, मुळं भेगांतनं खाली जातात, त्या अर्थानं तो एटनाच्या वाळूचा लांबचा नातेवाईक आहे. माती म्हणून मी त्याला नाही म्हणणार नाही. पण आपल्याकडं वेल झोपतच नाही. हिवाळ्यात पान गळून विश्रांती हा प्रकार नाही, म्हणून आपण वर्षातनं दोनदा छाटतो, एप्रिलला खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला गोडी छाटणी, मग रसायनाची पेस्ट लावून काडीवरचे डोळे फोडायचे. माल येतो जानेवारी ते मार्च. आता हे नीट बघ. एटनावर द्राक्ष पिकतं तेव्हा ऋतू थंडीकडं चाललेला असतो, आपल्याकडं पिकतं तेव्हा उन्हाळ्याकडं. तिथला मुकादम बी साठी दहा दिवस थांबला, आपण फेब्रुवारीच्या शेवटी दहा दिवस थांबलो तर साखर उडी मारते, आंबटपणा खाली बसतो, आणि मग टाकीत टार्टारिक घालून तो वर आणावा लागतो. मी हे कितीतरी हंगाम केलंय. वाईन चांगली होते, नाशिकची पांढरी शेनँ ब्लाँ आणि लाल शिराझ मी कुणापुढंही अभिमानानं ठेवते, पण तो वेगळा स्वभाव आहे. नेरेल्लोसारखं उशिराचं द्राक्ष आपल्याकडं लावलं तर ते बरोबर मार्चच्या तापत्या उन्हात पिकायला येणार. जो गारवा त्याचं सगळं वैशिष्ट्य, तोच नाही. शिवाय एटनावर सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान दिवस यात पाच तासांचा फरक, कोल्हापुरात दोनच तासांचा. वेलीचं घड्याळ दिवसाच्या लांबीवर पण चालतं.

मग छाटणी आधी करून थंडीत पिकवायचं का, हे तू विचारणारच. नाशिककडं सटाणा भागात जुलै-ऑगस्टला छाटून लवकर माल घेतात. आपल्याकडं तेव्हा भर पाऊस, कोवळी फूट पावसात सापडली की केवडा (बुरशीचा रोग), आणि केवडा घडावर गेला की हंगाम गेला. आळते गगनबावडा नाही हे खरं, पण परतीचा पाऊस ऑक्टोबरमध्ये तिथं पण धुतो. ही जोखीम मी तुला घ्यायला सांगणार नाही.

एक गोष्ट मनापासून सांगते, कुणी ओळखीचा इटलीहून काड्या बॅगेतनं आणून देतो म्हणाला तर हात जोडून नाही म्हण. परदेशी रोपाला आयात परवाना लागतो आणि इथं आल्यावर क्वारंटाईनमध्ये तपासणी होते, ती उगाच नाही. काडीतला विषाणू डोळ्याला दिसत नाही, आणि शेजारी तासगावपर्यंत लोकांचं पोट द्राक्षावर आहे.

आणि ऊस मोडून वाईनच्या द्राक्षात पडू नकोस. राज्याच्या २००१ च्या वाईन धोरणानंतर विंचूर आणि आपल्या शेजारी पलूसला वाईन पार्क आले, लोकांनी हौसेनं लागवडी केल्या, आणि काही वर्षांत माल जास्त, घेणारा नाही, अशी वेळ येऊन खूप जणांनी वेली उपटल्या. वायनरीबरोबर लेखी करार असल्याशिवाय एक गुंठा सुद्धा वाढवू नकोस.

पण दहा-वीस वेली लाव. हे मी खरंच म्हणते. आपल्याकडं मिळणारी शिराझ आणि शेनँ, एकाच खुंटावर, माळाच्या वरच्या कडेला अर्ध्या आणि खालच्या कडेला अर्ध्या. त्याच्या आधी दोन्ही टोकांना छातीएवढा खड्डा घे आणि भिंत नीट बघ, मुरूम कुठं सुरू होतो, मधे चुनखडीचे पांढरे खडे आहेत का, जुन्या बाभळीची मुळं किती खोल गेलीत. माती आणि विहिरीचं पाणी दोन्ही तपासून घे, पाण्याची क्षारता पहिली बघ. किमान-कमाल दाखवणारा साधा थर्मामीटर सावलीत टांग आणि डिसेंबर ते मार्च रोज वहीत लिही, कारण तुझ्या माळावर रात्री किती गार होतात हे आज कुणालाच माहीत नाही, मला पण नाही, आणि सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. रामलिंगच्या डोंगराकडनं रात्री गार हवा उतरत असेल तर खालची कड वरच्यापेक्षा थंड निघेल.

खड्डे एप्रिलच्या शेवटी घे, जमीन पूर्ण वाळल्यावर थर स्वच्छ दिसतात. मे मध्ये मी कोल्हापुरातच आहे, येऊन खड्ड्यात उतरून बघते. ते दोन ग्लास पण भरून ठेव.